दिवेलागणीपर्यंत

"दाब, अक्का. पार खालपर्यंत दाब. आता धरून ठेव. मी सांगेस्तोवर पाय उचलू नकोस."

गाडीखालून माझ्या भावाचा, मल्लूचा आवाज आला. मी साडीचा घोळ गुडघ्यात दाबून आण्णांच्या पांढऱ्या डिझेल गाडीत बसले होते. आण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या जागेवर बसायचं मला कसंतरीच वाटत होतं, पण क्लच दाबायला दुसरं कुणी येत नव्हतं. गिरणीतल्या गड्यांना आण्णांनी ताकीद दिली होती, "त्याच्या मदतीला जाल तर त्याच्याबरोबरच बाहेर जाल." मला मात्र त्यांनी अडवलं नाही. सुनेला ते मोजतच नसावेत.

"धरलंस का?"

मी दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. एकदाच. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ही खूण मल्लूनंच ठरवली होती, कारण त्या दिवसांत मी बोलत नव्हते. चातुर्मास लागल्यापासून माझं मौन होतं. सूर्य उगवल्यापासून संध्याकाळी देवापुढं दिवा लागेपर्यंत. लिहून सांगायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, खुणेपुरती मोकळीक. दिवा लागला की पहिला शब्द देवाचा आणि मग घरच्यांचा. नेम मी मल्लूसाठीच धरला होता. गिरणीलगतची रस्त्याकडेची एक खोली त्याला गॅरेजसाठी मिळावी म्हणून.

खाली पान्याचा आवाज झाला. बारीक नळीतून काही सुरसुरलं, आणि माझ्या पायाखालचं पेडल भुसभुशीत मातीत जावं तसं आत गेलं.

"आता सोड. वर आलं?"

मी पाय उचलला. पेडल खालीच. मेल्यासारखं पत्र्याला चिकटून पडलेलं. मी दोनदा वाजवलं.

पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पायाच्या बोटांनी ओढून वर काढ, अक्का. हवा राहिली आसंल आत. परत काढू."

शुक्रवार होता. मंगळवारपासून आम्ही याच क्लचमागं होतो.

*

जतच्या रस्त्याला आमची शेंगतेलाची गिरणी. गावात आण्णांचं नाव घेतलं की आधी तेलाचा वास येतो असं लोक म्हणायचे, आणि ते आण्णांना आवडायचं. चिमटीत थेंब धरून ते सांगायचे, कुठल्या शिवारातली शेंग, किती दिवस पडून होती. माणसांचंही त्यांना तसंच कळतं, असा त्यांचा समज होता. माझे यजमान तेव्हा बेळगावला नोकरीला. महिन्यातून एकदा यायचे, आणि आले तरी वडिलांपुढं मान खाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आण्णा त्याबद्दल मला कधी थेट बोलले नाहीत. नुसतं म्हणायचे, "या घरात सगळी यंत्रं चालत्यात, एक सोडून."

मल्लिनाथ माझ्याहून सात वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत. मग मिरजेत एका गॅरेजात अकरा वर्षं त्यानं दुसऱ्याच्या हाताखाली काढली. हात चांगला होता. स्वतःचं काही टाकावं, आईला जवळ आणावं, एवढंच त्याच्या मनात. आमच्या गिरणीच्या कुंपणाला लागून रस्त्याकडं तोंड करून एक खोली रिकामी होती. मी मौन धरायच्या आधी एकदा धीर करून आण्णांकडं विषय काढला. आण्णा म्हणाले, "माझी गाडी आधी चालवून दाखवू दे. खोली त्याची."

गाडी वीस वर्षांची होती. इंजिन दणकट, पण गिअरचे दात झिजलेले. चढाला तिसरा गिअर टाकला की आतून खडे भरडल्यासारखा आवाज यायचा. मल्लूनं मिरजेच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचा पाच गिअरांचा जोड, अख्खा गिअरबॉक्स, आणला. चार दिवस तो गाडीखालून बाहेर आला नाही. जुना क्लच तारेचा होता, नव्याला तेलाचा लागायचा. म्हणून त्यानं बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, एक छोटी झाकणाची बाटली बसवली आणि तिथून खाली बारीक नळी नेली. मला दाखवलं होतं त्यानं. "पायानं दाबलं की हे तेल तिकडं जाऊन ढकलतं, अक्का. तार तुटायची भीतीच नाही."

पहिल्या दिवशी आण्णा स्वतः पार डफळापूरपर्यंत जाऊन आले. पाचवा गिअर पडल्यावर गाडी कशी गेली ते त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या भावाला 'मल्लिनाथ' म्हणून हाक मारली. तोवर तो 'सूनबाईचा भाऊ' होता.

चौथ्या दिवशी मंगळवारचा बाजार होता. आण्णा तात्या चौगुल्यांना शेजारी बसवून मुद्दाम बाजारातून गेले. तात्या त्यांचे जन्माचे मित्र. आण्णा बोलले की हसायचं आणि आण्णा गप्प झाले की आणखी काही बोलायचं, हा त्यांचा धंदा. चौकात गाडी थांबवायची म्हणून आण्णांनी क्लच दाबला, आणि तो दाबला गेला पण लागला नाही. गिअर सुटेना. गाडीनं उसळी घेतली आणि कुंभारणीच्या मडक्यांत शिरून बंद पडली. भर बाजारात. लोक आधी ओरडले, मग कुंभारीण बचावली हे बघून हसले.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. स्टिअरिंगवर आण्णाच बसलेले, मान ताठ, मागून पोरांची मिरवणूक.

उतरून त्यांनी मल्लूला गिरणीच्या गड्यांसमोर उभं केलं. "काय म्हणायचं रं तुला आता? मिस्त्री म्हणू का कुंभार?"

"आण्णा, बघतो मी. हवा शिरली आसंल."

"हवा तुझ्या डोक्यात शिरलीय. शनवारी बारा वाजता ही गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर जाऊन परत आली पायजे. न्हाई आली तर तोंड दाखवायचं न्हाई."

तात्या म्हणाले, "आणि आली तर?"

"आली तर खोली त्याची. मी शब्द फिरवीत न्हाई."

त्या दिवसापासून मल्लूचं ताट अंगणात जाऊ लागलं. हात तेलकट असतात म्हणून. तेलाच्या गिरणीत! गडी येता-जाता त्याला 'क्लच' म्हणायला लागले. "काय क्लच, चा घेतलास?" "क्लच, आज लागतोय का?" तो हसायचा. मी ताट ठेवायला गेले की म्हणायचा, "अक्का, मला दोन दिवस बोलू नकोस म्हटलं तर मी मरून जाईन. कसं जमतंय तुला?" मी हातानंच 'जेव' म्हणायचे.

बुधवारी त्यानं पेडलापासून गिअरपर्यंत सगळं तपासलं. इंजिन बंद असलं की गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडायचे. चालू केलं की नाही. म्हणजे क्लच सुटत नाही. गुरुवारी त्यानं एकट्यानं गिअरचा जोड खाली उतरवला. जॅक, दोन लाकडी ओंडके आणि छातीवर घेतलेलं ते धूड. आतली प्लेट उलटी बसली असेल म्हणून बघितलं, सरळ होती. बेअरिंग बघितलं, नवं, गुळगुळीत. पुन्हा चढवला. आण्णा ओसरीवरून बघत होते. "वर जातंय, खाली येतंय," ते तात्यांना म्हणाले, "पाळण्यासारखं. या घराण्याला एवढंच जमतंय." आणि माझ्याकडं बघितलं.

तात्या हसले. माझी जपाची माळ चालूच होती.

शुक्रवारी, सुरुवातीला सांगितलं तसं, आम्ही पुन्हा हवा काढली. या वेळी बुडबुडे दिसावेत म्हणून मल्लूनं नळीचं टोक एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत सोडलं होतं. आतापर्यंत ते डब्यात पडायचं. संध्याकाळी त्यानं ती बाटली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली आणि तसाच गोणपाटावर झोपला.

*

शनिवारी पहाटे मी अंघोळ करून, पहिल्या घाण्याचं तेल वाटीत घेऊन मारुतीला गेले.

हा आमच्या घरचा नेम. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. शनिवारच्या पहिल्या घाण्याचं तेल आधी मारुतीच्या अंगावर, आणि अंगावरून वाटीत निथळेल ते घरच्या यंत्रांना, एकेक चमचा. सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी शिकवलं होतं. "ते भुईवर सांडायचं न्हाई. यंत्राच्या पोटात घालायचं. जे यंत्र आपलं पोट भरतंय, त्याच्या पोटात मारुतीचं तेल." गिरणीचा घाणा, विहिरीवरचं इंजिन, शिवणाचं मशीन, पिठाची चक्की. आठ वर्षं मी एक शनिवार चुकवला नव्हता. पाऊस असो, ताप असो.

परत आले तेव्हा मल्लू भिंतीशी उकिडवा बसून बाटलीकडं बघत होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. रात्रीतून बाटलीतलं तेल स्थिर झालं होतं आणि त्याचे दोन थर पडले होते. खाली पातळ, काळपट. वर दोन बोटं पिवळं.

"अक्का, हे बघ की," तो बाटली उजेडात धरून म्हणाला. "क्लचातल्या ब्रेक ऑइलचं असं कधी होत न्हाई. दुकानदारानं भेसळ दिली वाटतं."

मी मान हलवली. मला त्यातलं काय कळणार? घाण्याला चमचा झाला होता, मशीनला झाला होता. गाडीचं बॉनेट उघडंच होतं. मी पदर खोचला, वाकले, मागच्या पत्र्यावरच्या त्या छोट्या बाटलीचं झाकण फिरवून काढलं आणि वाटीतला चमचा भरला.

"अक्का!"

मी थांबले. चमचा हवेत.

"काय करतीयस?"

मी वाटी दाखवली. देवळाकडं बोट केलं. मग गाडीकडं. मग हात जोडले.

तो उठला. हळूहळू चालत माझ्याजवळ आला. माझ्या हातातला चमचा घेतला, वास घेतला. मग भिंतीवरची बाटली उघडून तिचा वास घेतला. अंगणात बारा महिने शेंगतेलाचाच वास. त्यात कुणाचं नाक चालणार?

"मागच्या शनवारी पण घातलंस?"

मी मान हलवली. हो. गेल्या शनिवारी, त्यानं गाडी नवी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. झाकण सहज हातानं निघालं होतं. आत तेल थोडंच दिसलं, म्हणून मी चार चमचे जास्त घातले होते. त्याच्यासाठी म्हणून.

मला वाटलं तो आता ओरडेल. तो खाली बसला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं वेडे! चार दिवस मी त्या धुडाखाली मरतोय! अगं, आतली रबरं असल्या तेलानं फुगत्यात. फुगली, फाटली, दाब येणार कुठनं?" मग डोळे पुसून म्हणाला, "मारुतीनं उडी मारली खरी. कुंभारणीच्या मडक्यांत."

मी वाटी खाली ठेवून त्याचे पाय धरायला वाकले तर त्यानं माझे दंड धरले.

"ए, काय करतीयस! उलट बरं झालं, रोग सापडला. रबरं बदलली, नळ्या धुतल्या की संपलं. आणि हे आपल्या दोघांत. आण्णांना कळलं तर..." तो पुन्हा हसला. "तू तर बोलतच न्हाईस म्हणा. दिवसा तरी."

गड्याची सायकल मागून घेऊन तो तालुक्याला गेला. साडेनऊला रबरं घेऊन आला. खालचा आणि वरचा, दोन्ही पंप उघडून त्यानं जुनी रबरं काढली. मऊ पडलेली, पाण्यात भिजलेल्या घेवड्यासारखी टरारलेली, एकाची कड फाटलेली. मला दाखवून ती त्यानं मातीत पुरली. नळ्या स्वच्छ तेलानं तीनदा धुतल्या. मग मी पुन्हा आण्णांच्या जागेवर जाऊन बसले.

"दाब. धर. सोड. वर आलं?"

पेडलानं माझा तळवा वर ढकलला. जिवंत जनावर पाठ उचलतं तसं. मी एकदा वाजवलं. मग उगाचच आणखी एकदा वाजवणार होते, पण त्याचा अर्थ उलटा झाला असता, म्हणून हात आवरला.

"अक्का, खोलीवर पाटी काय लावू?" गाडीखालून तो म्हणाला. "मौनीबाबा ऑटो गॅरेज. कसं वाटतंय?"

*

बाराला पाच मिनिटं असताना आण्णा आले. बरोबर तात्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गड्यांनी घाणा थांबवला.

आण्णा गाडीत बसले. चालू केली. गिअर टाकला; आवाज नाही, काही नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन वळली आणि परत आली. दोनदा थांबवली, दोनदा पहिल्यावर उचलली. उतरताना त्यांनी दार हळू लावलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, आता 'मल्लिनाथ' म्हणतील.

"काय झालतं?" त्यांनी विचारलं.

"रबरं गेलती, आण्णा. बदलली."

"नवी रबरं जात्यात व्हय?"

"जात्यात कधीकधी."

आण्णांची नजर भिंतीवर गेली. ती काचेची बाटली तिथंच होती. सकाळच्या आनंदात आम्ही दोघंही तिला विसरलो होतो. आण्णांनी ती उचलली, उन्हात धरली, बूच काढलं. वरच्या पिवळ्या थरात करंगळी बुडवली. चिमटीत चोळलं. वास घेतला. मग बोट जिभेला लावलं आणि थुंकले.

"हे माझं तेल हाय," ते म्हणाले. "शनवारच्या पहिल्या घाण्याचं. हे तुझ्या क्लचात कसं गेलं?"

त्यांनी बाटली मल्लूच्या तोंडापुढं धरली.

"माझं तेल चोरून घातलंस? ऑइलला पर्याय म्हणून? बोल की."

"तेल्याच्या दारात येऊन तेल वळखता येईना," तात्या म्हणाले. "पाण्याच्या ऐवजी रॉकेल पितोस का रं?"

गडी हसले. मल्लू माझ्याकडं बघत नव्हता. अजून तरी नव्हता. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सूनबाईचं मौन हाय बरं का. तिला कुणी मधी घेऊ नका. भर चातुर्मासात नेम मोडला तर घराला लागतंय." हे बोलताना त्या आण्णांकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मारुतीच्या तेलाचा नेम त्यांनीच मला दिला होता. त्यांना कळलं होतं. पण त्यांचं मौन नव्हतं, आणि तरी त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

"तिला इचारतंय कोण?" आण्णा म्हणाले. "मी ह्याला इचारतोय. तेल कुणी घातलं? घरातल्या कुणी घातलं आसंल तर तसं सांग. ज्यानं घातलं त्याची वळकटी आज बाहेर. आठ वर्षं बसून खाणारीला मी अजून ठेवलंय, पण माझी चौकात शोभा करणारीला न्हाई ठेवायचो. बहीण-भाऊ एकाच एस्टीनं जावा."

मग मल्लू गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला. बॉनेट खाली ओढायचं निमित्त करून वाकला. माझ्यापासून हातभर. बॉनेटच्या आडून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं तो म्हणाला, "अक्का, सांगू का खरं? मी हाय. आपण दोघं जाऊ. आई हाय, मिरज हाय. सांगू?"

सूर्य डोक्यावर होता. माझ्या डाव्या हातात माळ होती, उजवा हात गाडीच्या पत्र्यावर. पत्रा उन्हानं तापला होता. एकदा वाजवलं असतं तरी माझा नेम मोडत नव्हता. खुणेची मोकळीक होती.

मी दोनदा वाजवलं.

बांगड्यांचा आवाज झाला असं आण्णांना वाटलं असेल.

मल्लूनं बॉनेट लावलं. दोन्ही हातांनी दाबून, नीट. वळला आणि म्हणाला, "मीच घातलं, आण्णा. ब्रेक ऑइल कमी पडलं. म्हटलं तेल ते तेल, चालंल."

एवढं खोटं तर कालच्या शिकाऊ पोरानंही खपवून घेतलं नसतं. अकरा वर्षांच्या मिस्त्रीनं भर अंगणात ते बोलून दाखवलं. गडी या वेळी हसले नाहीत. तात्या हसले.

आण्णांनी त्याला घाण्याजवळ नेलं. "चाकाला हात लाव. म्हण, या तालुक्यात परत कुणाच्या गाडीला पाना लावणार न्हाई."

"आण्णा, गाडी चालू झालीय. तुम्ही शब्द दिला हुता."

"मिस्त्रीला दिलता. तू मिस्त्री न्हाईस, तूच आत्ता सांगितलंस. म्हण. न्हाईतर बहिणीची वळकटी काढायला सांग."

मल्लूनं चाकाला हात लावला. "या तालुक्यात परत कुणाच्या गाडीला पाना लावणार न्हाई."

"दिवेलागणीपर्यंत निघायचं."

*

तो लगेच निघाला नाही. विहिरीच्या पन्हाळीशी बसून राहिला. आधी हात धुतले, मग पाने एकेक करून चिंध्यांनी पुसले, पिशवीत भरले, पुन्हा काढून पुसले. एस्ट्या दोन गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो कशासाठी थांबलाय ते मला कळत होतं. दिवा लागला की माझं तोंड मोकळं होणार होतं.

मी भाजी चिरली, भाकऱ्या थापल्या. अकरा माळा केल्या. ऊन भिंतीवरून उतरलं.

वेळ झाली तशी मी हातपाय धुऊन देवघरात गेले. समई लावली. देवाचं नाव घेतलं. दिवसभराच्या गप्प राहण्यानं आवाज नेहमी घोगरा यायचा, तसाच आला. ओसरीवर आण्णा बाजेवर पडले होते. पन्हाळीजवळचा मल्लू उभा राहिला होता, पिशवी खांद्याला, पण पावलं जागच्या जागी. तिथून ओसरीतलं बोलणं स्वच्छ ऐकू जायचं.

"सूनबाई," आण्णा म्हणाले, "झाली का मोकळी?"

"हो, मामंजी."

"भाऊ चाललाय तुझा. काय बोलायचं आसंल तर बोल. मी ऐकतोय."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दुपारपासून जपासारखं घोळवलेलं. तेल मी घातलं. तीनच शब्द.

मी म्हणाले, "पानं वाढू का?"

आण्णा बाजेवर उठून बसले. माझ्याकडं बघून हसले. मंद, शेंग पसंत पडल्यासारखे.

"शहाणी हायस," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या तेलाला शेंदराचा वास हुता. मारुतीच्या अंगावरनं आल्याशिवाय येत न्हाई तो." मग पुन्हा आडवे होत म्हणाले, "खोली तशीबी मी तात्याच्या पोराला बुधवारीच दिलीया. वाढ."

पुढं मला दोन मुलं झाली. आण्णा मरेपर्यंत मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. पाहुण्यांना सांगायचे, सून लाखात एक, तोंडात शब्द नाही. माझं मौन होतं म्हणून मी बोलले नाही, असं मी आईला सांगितलं, यजमानांना सांगितलं. ते खरं धरलं गेलं. चातुर्मासाचं मौन मी अजून धरते.

त्या संध्याकाळी मी ताटं वाढायच्या आधी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत गेले. मल्लू फाटकातून बाहेर पडला होता. त्यानं मागं बघितलं नाही. खोलीवरून पुढं गेला, हाकेच्या अंतरावरच्या चिंचेपर्यंत गेला. तिथं रस्त्याच्या कडेला एक टेम्पो बॉनेट उघडून उभा होता. कोंबड्यांच्या जाळ्या लादलेल्या, ड्रायव्हर घामानं भिजलेला. मल्लूच्या खांद्यावरची पान्यांची पिशवी त्याला दिसली.

"ओ मिस्त्री! देवासारखं आलासा बघा. क्लच लागंना झालाय. जरा बघतासा का?"

मल्लू थांबला. उघड्या बॉनेटकडं बघितलं. पेडल एकदा दाबून बघा म्हणायला त्याचं तोंड उघडलेलं मला एवढ्या लांबूनही दिसलं.

"मी त्यातला न्हवं, पाव्हणं," तो म्हणाला. "कुठनं कुठपर्यंत तालुका लागतो हो हा?"

"पुलापर्यंत. का ओ?"

"काही न्हाई. चाललोय तिकडं."

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि पुलाच्या दिशेनं चालू लागला.